मदत हवी आहे: कम्पाउंडच्या भिंतीवर लाल खूण केली आहे, रस्ता रुंदीकरणात घर जाणार का?

मंदार_के
नमस्कार. थेट विषयावर येतो. मंगळवारी आम्ही घरी नसताना कोणीतरी आमच्या कम्पाउंडच्या भिंतीवर लाल रंगानं खूण करून गेलं. समोरच्या किंवा शेजारच्या घरांवर काही नाही, फक्त आमच्याच. शेजारचे काका छातीठोक सांगतात की रस्ता १०० फुटी होणार. तसं झालं तर आमचा जिना, पाण्याची टाकी आणि आईची खोली गेली. चौकशीला फोन केले तर या खात्यानं त्या खात्याकडे आणि त्यानं परत याच खात्याकडे पाठवलं. कुठलीही नोटीस आलेली नाही.

मला दोनच गोष्टी हव्यात. आमच्या रस्त्याची मंजूर रुंदी किती, आणि हरकत कुठे द्यायची? "चांगला वकील बघा" असं कृपया सांगू नका. जरा लवकर सांगा, वडिलांनी जेवण सोडलंय.

शनिवारपेठी
आमच्या रस्त्याची म्हणजे कुठल्या? पुण्यात लाल रंग पुष्कळ भिंतींवर सापडतो, त्यातला बराचसा पानाचा असतो.

कर्वेरोडी
या भानगडीतून आमची गल्ली गेली आहे म्हणून सविस्तर लिहितो. रस्ता दोन वाटांनी रुंद होतो आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यात दाखवलेला. जुन्या हद्दीचा आराखडा राज्य सरकारनं जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. त्यात तुमचा रस्ता रंगवलेला असेल तर हरकतीची वेळ केव्हाच गेली. दुसरी वाट महापालिका अधिनियमाच्या कलम २१० ची, जिला सगळे रोडलाइन म्हणतात. आयुक्त रस्त्याची रेषा ठरवतात, त्याआधी महिनाभर जाहीर नोटीस द्यावी लागते. २०२० मध्ये ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा घाट घातला होता तो याच कलमाखाली, आणि तेव्हा केवढी रणधुमाळी झाली ते आठवत असेल.

तुम्ही झोन दाखला काढा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणीचा नकाशा जोडून अर्ज करा, तुमच्या सर्व्हे नंबरवर कोणता रस्ता आणि कोणतं आरक्षण आहे ते त्यात कळतं. बाकी १०० फूट म्हणजे ३० मीटर. गल्लीबोळात ३० मीटरचा रस्ता कोणी आणत नाही, काकांना सांगा शांत बसा.

मंदार_के
धन्यवाद, पण आमची गल्ली नाही, रस्ताच आहे. बस जाते त्यावरून. आणि नोटीस आलीच नाही तर हरकतीची वेळ गेली कशी? हा कुठला न्याय?

आरटीआयवाला
झोन दाखल्याच्या नादी लागू नका. माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. "सदर रस्त्याची मंजूर रुंदी दर्शवणाऱ्या नकाशाची प्रत" एवढंच मागा. "का", "कोणाच्या सांगण्यावरून" असले प्रश्न विचारलेत की अर्ज निकाली निघालाच म्हणून समजा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. मी इतके अर्ज केलेत की आता टेबलावरची माणसं मला चहा विचारतात.

कर्वेरोडी
अहो, ३० दिवस थांबायचं कशाला? वडील जेवत नाहीयेत असं लिहिलंय त्यांनी. पैसे भरून रीतसर दाखला मिळत असताना माहितीचा अधिकार म्हणजे डासाला तोफ.

आरटीआयवाला
रीतसर दाखला रीतसर वेळेत मिळालेला माणूस दाखवा, मी त्याचा सत्कार करतो. आणि नोटिशीबद्दल: विकास आराखड्याची नोटीस घरोघर येत नाही. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, त्यानंतर ३० दिवस हरकती घेतात आणि मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. वर्तमानपत्राच्या त्या बारीक टाइपातल्या जाहिराती वाचायला आपल्याकडे फक्त निवृत्त लोकांना वेळ असतो. ते काम करतात म्हणून बाकीच्यांची घरं वाचतात.

सुलभाकाकू
अरे मंदार, रस्त्याचं व्हायचं ते होईल. तू पीटी-३ फॉर्म भरलायस का ते आधी सांग. स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. १९७० पासूनची आहे. मध्ये नव्या मिळकतींची बंद केली होती, २०२३ मध्ये परत आली. फॉर्मबरोबर सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र असं काहीतरी जोडायचं. माझ्या भाच्यानं भरला नव्हता, त्याला बिल बघूनच घाम फुटला.

मंदार_के
काकू, कराचा प्रश्नच नाहीये.

सुलभाकाकू
आज नाहीये. बिल आलं की होईल.

थिओडोलाइट
खूण नेमकी काय आहे? नुसती फुली, बाण की काही आकडे? फोटो टाका. आणि गाव किंवा पेठ सांगितल्याशिवाय वरची सगळी चर्चा हवेत आहे.

निवांत
+१. दहा प्रतिसाद झाले आणि रस्ता कुठला ते अजून गुलदस्त्यात.

मंदार_के
फोटो इथे चढत नाहीये. आकडाच आहे हो, १०० लिहिलंय म्हणून तर १०० फुटी म्हणतात सगळे! खाली बाण आहे. आम्ही नऱ्ह्यात राहतो, त्यानं काय फरक पडतो? महापालिका तीच ना?

आरटीआयवाला
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. नऱ्हे म्हणजे २०२१ मध्ये आत आलेल्या २३ गावांपैकी एक. तिथे २०१७ चा आराखडा लागूच नाही. कर्वेरोडींचा सगळा प्रतिसाद बाद.

कर्वेरोडी
बाद कसा? कलम २१० हद्दीतल्या प्रत्येक रस्त्याला लागू आहे. आराखड्याचा भाग तेवढा गेला.

आरटीआयवाला
बरं, निम्मा बाद. नऱ्ह्याची गोष्ट अशी. गावं महापालिकेत आली, पण त्यांचं नियोजन प्राधिकरण म्हणून सरकारनं त्याच वर्षी पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, नेमलं. पीएमआरडीएनं ऑगस्ट २०२१ मध्ये प्रारूप आराखडा जाहीर केला, त्यावर हरकतींचे गठ्ठेच्या गठ्ठे आले, सुनावण्या झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२५ मध्ये सरकारनं तो आराखडाच रद्द केला. म्हणजे शेजारच्या काकांनी मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला नकाशा बघितला असेल तर तो बहुतेक या रद्द आराखड्याचा आहे. असे नकाशे अजून फिरतात, आणि त्यावर प्लॉटही विकले जातात. त्याआधीची १९९७ ची प्रादेशिक योजना आहे, जिला एजंट लोक आरपी म्हणतात. तुमचा रस्ता त्यात किती रुंद दाखवलाय ते आधी बघा.

आता अर्ज कुणाला द्यायचा यावर डोकं फोडून घेऊ नका. महापालिकेला द्या. माहिती त्यांच्याकडे नसेल तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुम्हाला जे फोनवर फिरवताहेत ना, तेच काम कागद करेल आणि त्याची पोचही मिळेल.

शनिवारपेठी
१०० फुटी नाही हो, रिंगरोड असणार. त्या बाजूनं रिंगरोड जातोय असं ऐकलंय.

निवांत
एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळाचा) रिंगरोड ११० मीटर रुंद आहे, म्हणजे ३६० फूट. तो ब्रश घेऊन कुणाच्या कम्पाउंडवर आखत नाहीत, त्याच्या भूसंपादनाच्या नोटिसा येतात. शनिवारातून नऱ्हे दिसत नाही, हे मान्य.

शनिवारपेठी
शनिवारातून सगळं दिसतं. पार्किंग सोडून.

थिओडोलाइट
मंदार, १०० च्या पुढे टिंब आहे का? शून्यं किती? बाणाच्या टोकावर आडवी रेघ आहे का? भिंत कोपऱ्यावरची आहे का?

मंदार_के
टिंब आणि शून्यांनी काय होणार आहे? असो, आत्ता बाहेर जाऊन बघितलं. १००.००० असं आहे, टिंब आणि तीन शून्यं. वर आडवी रेघ, तिला खालून बाण टेकलाय. भिंत कोपऱ्यावर आहे, पुलाच्या जवळ. जुनी दगडी आहे, आजोबांनी बांधलेली.

थिओडोलाइट
मग वडिलांना जेवायला वाढा. हा रस्त्याच्या रुंदीचा आकडा नाही. रुंदी कोणी तीन दशांशांपर्यंत लिहीत नाही, तीही फुटांत.

ही टीबीएमची खूण आहे, तात्पुरता बेंचमार्क. सर्व्हे करणारी माणसं एखादी पक्की, न हलणारी जागा शोधतात. दगडी भिंत, पुलाचा कठडा, घराचं जोतं असं काहीतरी. तिथे एक आडवी रेघ मारतात आणि तिची पातळी १०० मीटर धरतात. खरी पातळी काढायची तर समुद्रसपाटीपासून मोजावी लागेल आणि पुणं साधारण ५६० मीटरवर आहे. स्थानिक कामाला ती लागत नाही. १०० धरलं की खड्ड्यात उतरलं तरी आकडा शून्याच्या खाली जात नाही, हिशेब सोपा राहतो. मग तिथून लेव्हल मशीन (तिपाईवरची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) घेऊन सगळ्या रस्त्याचे चढउतार घेतात, आणि रोज संध्याकाळी परत त्याच रेघेवर येऊन आकडे जुळतात का बघतात. म्हणून खूण एकाच घरावर असते. रुंदीकरणाची असती तर ती रांगेनं सगळ्यांच्या भिंतींवर असती, आणि मध्यापासूनचं अंतर लिहिलेलं असतं. शिवाय जी भिंत पाडायची तिच्यावर बेंचमार्क कुठला शहाणा सर्व्हेअर ठेवेल? काम संपेपर्यंत ती उभी राहावी अशीच त्याची इच्छा असते.

इतक्या बारीक पातळ्या ड्रेनेज, पावसाळी गटार किंवा रस्त्याच्या डांबरीकरणाआधी घेतात. तुमच्याकडे पूल जवळ आहे म्हणता, म्हणजे ओढा आहे. माझा अंदाज ड्रेनेजचा. सांडपाणी उतारानं वाहतं, त्यामुळे तिथे मिलिमीटरचा हिशेब लागतो.

निवांत
ड्रेनेज असेल तर उलट पेढे वाटा. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (नसांचा आजार, दूषित पाण्याचा संशय होता) साथ आली तेव्हा सिंहगड रस्त्याचा तो सगळा पट्टाच बातम्यांत होता. गावं हद्दीत घेतली, इमारती आल्या, नळ आणि गटारं मागून येताहेत.

कर्वेरोडी
बेंचमार्कचं पटलं. तरी रुंदीचा कागद हातात असलेला बरा. सर्व्हे रस्त्याचाही असू शकतो आणि रस्ता करताना रोडलाइन येऊ शकते. मंदार, तुमचा प्लॉट एनए (बिगरशेती) आहे की गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला? रस्त्यात जागा गेलीच तर मोबदला रोख, एफएसआय (उरलेल्या जागेवर जादा बांधकाम) किंवा टीडीआरमध्ये (बांधकामाचा हक्क, जो दुसऱ्याला विकता येतो) मिळतो, पण त्यासाठी मालकीचे कागद स्वच्छ लागतात. गुंठेवारीत असेल आणि नियमित केलेला नसेल तर ते काम आधी हातात घ्या. गुंठेवारी कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना संधी दिली आहे.

आरटीआयवाला
मोबदल्यात टीडीआर मुळीच घेऊ नका. रोख मागा.

कर्वेरोडी
रोख मागणारे वर्षानुवर्षं थांबलेत. टीडीआर विकून मोकळं व्हावं.

आरटीआयवाला
बाजार पडलेला असताना विकायचा का? तुम्ही विकलात का?

कर्वेरोडी
आमची जागा गेलीच नाही. म्हणून तर शांतपणे सल्ला देतोय.

संपादक मंडळ
टीडीआर घ्यावा की रोख यासाठी वेगळा धागा काढावा. इथे मूळ प्रश्नापुरतं लिहा.

मंदार_के
आज सकाळी तीच माणसं परत आली होती. हातात ती लांब रंगीत पट्टी आणि तिपाईवरची दुर्बीण. विचारलं तर म्हणाले ड्रेनेजची लाइन टाकायचा सर्व्हे आहे, आम्ही एजन्सीचे, बाकी आम्हाला विचारू नका. वर्क ऑर्डर दाखवा म्हटलं तर ती साहेबांकडे. थिओडोलाइट साहेब, मनापासून आभार. वडील दोन घास जेवले, पण शेजारच्या काकांना अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, ड्रेनेज म्हणून सांगतात आणि नंतर रस्ताच करतात.

माहितीच्या अधिकारातला अर्ज लिहून ठेवलाय, रुंदी आणि ड्रेनेज लाइनचा आराखडा दोन्ही मागतोय.

आरटीआयवाला
दोन विषय झाले. एका अर्जात एकच. दोन अर्ज करा, २० रुपये जातील. ड्रेनेजच्या अर्जात कामाचं नाव, वर्क ऑर्डरची प्रत आणि मुदत मागा. आणि कर्वेरोडींनी विचारलंय ते एनएचं?

थिओडोलाइट
आणि ती खूण चुना लावून पुसू नका. परत येऊन ते दुसरीकडे मारतील आणि मग तो शेजारी इथे धागा काढेल.

सुलभाकाकू
मंदार, तुझं झालं ना मार्गी? मग आता पीटी-३ चं बघ. आणि कुणाला माहीत असेल तर सांगा, भाच्याचा फ्लॅट त्याच्या आणि सुनेच्या दोघांच्या नावावर आहे, राहतात ते पिंपळे सौदागरला, पण महिन्यातून एकदा पुण्यात झोपायला येतात. सवलत बसेल का?