एमबीए आहेच, आता सोळा महिन्यांत नर्स?

मेघना_जर्सीवाली
काल आमच्या अमेरिकेतल्या मंडळाच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती. मतितार्थ असा: "भगिनींनो, एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर) घरी बसून काय करता? कुठल्याही विषयातली पदवी चालते, सोळा महिन्यांत आरएन (नोंदणीकृत नर्स) व्हा. एबीएसएन (पदवीधरांसाठी नर्सिंगची झटपट बॅचलर्स) नको, ते परत बॅचलर्सच. थेट एंट्री लेव्हल एमएसएन (नर्सिंगची मास्टर्स) करा, पगार सहा आकडी." खाली बदामांचा पाऊस. तिथे वाद नको म्हणून इथे लिहितेय.

सोळा महिने कॉलेजच्या दारातून आत गेल्यावरचे. त्याआधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन्ही भाग लॅबसकट, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅट्स, न्यूट्रिशन, डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी. आपण इंजिनियर-एमबीए मंडळींनी यातलं स्टॅट्स सोडून काय केलंय? बारावीचं बायो कुणी विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी सायन्सचे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने झाले की बाद. म्हणजे कम्युनिटी कॉलेजात वर्ष गेलंच. वर ट्रान्सक्रिप्टचं मूल्यांकन, टोफेल, कुठे टीईएएस, कुठे हेसी या प्रवेश परीक्षा.

आणि एंट्री लेव्हल एमएसएन म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषधं लिहून देणारी नर्स) नव्हे हो! एबीएसएनवाली आणि ही, दोघी तीच एनक्लेक्स (नर्सच्या परवान्याची परीक्षा) देणार, त्याच फ्लोअरवर नवशिक्या म्हणून लागणार, ताशी दर बहुतेक ठिकाणी तोच. येल वगैरेंचा तीन वर्षांचा कोर्स पुढे प्रॅक्टिशनरपर्यंत नेतो, तो प्रकार वेगळा. नुसत्या 'मास्टर्स' अक्षरांसाठी दुप्पट पैसे का मोजायचे? मान्यता असलेलं, घराजवळ क्लिनिकल्स (रुग्णालयातलं प्रशिक्षण) देणारं, त्यातल्या त्यात स्वस्त ते घ्यावं.

राहिला व्हिसा. एच-४ वर शिकता येतं, पण नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर नसेल तर सहसा ईएडी (काम करायचा परवाना) नाही, आणि ईएडी नसेल तर नोकरी नाही. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेतलात तर ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची मुभा) बाराच महिने, कारण नर्सिंग स्टेममध्ये (जादा मुदत मिळणाऱ्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत) येत नाही. साध्या फ्लोअर नर्सला एच-१ (नोकरीचा व्हिसा) मिळणं महाकठीण. पोस्टमध्ये यातलं अक्षर नाही.

थेट_मास्टर्स
मी एंट्री लेव्हल एमएसएन केलंय, त्यामुळे 'अक्षरांसाठी' हा शब्द चांगलाच लागला. ताई, तुमचा हिशोब फक्त पहिल्या पगाराचा आहे. उद्या मला शिकवायचं असेल, क्लिनिकल नर्स लीडर व्हायचं असेल, तर मास्टर्स हातात आहे. शिवाय दुसऱ्या बॅचलर्सला सरकारी कर्ज तुटपुंजं आणि पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) शून्य. मास्टर्सला मला ग्रॅड प्लस या सरकारी कर्जातून पूर्ण फी मिळाली. ग्रीन कार्ड होतं म्हणून, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही तेच काढाल.

मेघना_जर्सीवाली
तेच काढणार होते. :) पण ग्रॅड प्लस १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. मास्टर्सला आता सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण एक लाख, बस. 'प्रोफेशनल' पदव्यांना वर्षाला पन्नास हजार, पण शिक्षण खात्याच्या समितीने ठरवलेल्या व्याख्येत नर्सिंग नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावरून केवढा गदारोळ झाला! तुमचं गणित तुमच्या वेळेला बरोबर असेल. आज तेच कुणाला सांगू नका.

सदाशिव_पेठी
मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही. आईबापांनी इंजिनियर केलं, वर एमबीए केलं, ते लोकांचे बेडपॅन उचलायला? त्यापेक्षा डेटा सायन्स करा.

रात्रपाळी
काका, डेटा सायन्सवाले ले-ऑफच्या ईमेलची वाट बघत बसलेत. मी बेडपॅन उचलते आणि घराचा हप्ता भरते. आठवड्याला बारा तासांच्या तीन पाळ्या, उरलेले चार दिवस माझे.

मिरजेची_सिस्टर
आता मी बोलू का? बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं केलं. नंतर सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका होते. चाळीस खाटांचा वॉर्ड, खाली गाद्यांवर टाकलेले पेशंट वेगळे, आणि रात्रीला मी अन् एक मावशी. स्थळं बघताना 'मुलगी नर्स आहे' म्हटलं की लोक चहा अर्धा ठेवून उठायचे. रात्रपाळी करणारी सून नको म्हणे. हेच लोक आजारी पडले की "सिस्टर, जरा बघा ना." आणि आता अमेरिकेत डॉलर दिसले तर नर्सिंग एकदम 'सेकंड करिअर'! काकांचं सोडा, ते निदान तोंडावर बोलतात. तुम्ही सगळ्या जणी 'सहा आकडी'ने सुरुवात करता, याचा जास्त राग येतो.

सदाशिव_पेठी
मी कामाला कमी लेखलं नव्हतं. शिक्षण वाया जातं एवढंच म्हटलं.

मिरजेची_सिस्टर
कमीच लेखलंत. पहाटे चारला लॅबचा फोन येतो, पोटॅशियम २.८, फारच कमी. पेशंट डिगॉक्सिनवर (हृदयाच्या औषधावर) आहे. आधी मॉनिटर बघायचा, सकाळचा डोस थांबवायचा, डॉक्टरला उठवायचं, पोटॅशियम चढवायचं तर पंपावर किती वेगाने ते दुसऱ्या नर्सकडून तपासून घ्यायचं. शेजारच्या खोलीत कुणीतरी बेल दाबतंय आणि बेडपॅनही तेव्हाच लागतो. या सगळ्यात कुठलं शिक्षण वाया गेलं, ते सांगा.

थेट_मास्टर्स
सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण 'डॉलर दिसले' हे आम्हाला लावू नका. तुम्हीही इथेच आलात ना?

मिरजेची_सिस्टर
आले की. सीजीएफएनएस (परदेशी नर्सच्या शिक्षणाची पडताळणी), एनक्लेक्स, इंग्रजीची परीक्षा, व्हिसास्क्रीन (व्हिसासाठीचं प्रमाणपत्र), आणि मग ईबी-३ ची, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डची रांग. नर्सिंग शेड्यूल ए मध्ये (मनुष्यबळाची टंचाई असलेल्या पेशांच्या यादीत) असल्यामुळे लेबर सर्टिफिकेशन (इथे माणूस मिळत नाही हा दाखला) सुटतं, रांग सुटत नाही. ती भारतीयांची रांग काय असते ते तुमच्या नवऱ्यांना विचारा. चार वर्षं शिकलेली मी बाहेर ताटकळत आणि तुम्ही सोळा महिन्यांत माझ्या शेजारी. चिडायचा हक्क आहे मला.

चहाटळ
शॉर्टकटच हवा तर फ्लोरिडात आणखी जवळचा होता. ऑपरेशन नाइटिंगेल नावाची केंद्रीय तपास यंत्रणांची कारवाई, जानेवारी २०२३, नर्सिंगचे साडेसात हजारांहून जास्त बनावट डिप्लोमे. तिथे सोळा महिनेही लागत नव्हते.

थेट_मास्टर्स
एबीएसएन आणि बनावट डिप्लोमा एकाच ओळीत? हद्द झाली. एनक्लेक्स सगळ्यांना सारखीच. ८५ ते १५० प्रश्न, मशीन तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरवतं, तिथे नवऱ्याचा व्हिसा कुणी बघत नाही.

मिरजेची_सिस्टर
हे मान्य. एनक्लेक्स पास झालेलीला मी नर्स म्हणणार. पहिले सहा महिने तिचा हात धरायचं काम मात्र आम्हालाच लागतं, ओरिएंटेशनचा वेगळा भत्ता न मिळता.

रात्रपाळी
माझा हात एका केरळच्या चेचीने (ताईने) धरला होता. तिला आजही फोन करते. भत्त्याबद्दल +१.

नवी_उमेदवार
धाग्याचं काय झालं ते समजलं नाही, पण माझा प्रश्न आहे. ईएडी आहे. पुण्याची तीन वर्षांची बी.एस्सी. दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय: एक सरकारी विद्यापीठाचं एबीएसएन, दुसरं खाजगी हायब्रिड, थिअरी ऑनलाइन आणि एनक्लेक्स १०० टक्के पास. दुसरीकडे फी जास्त आहे.

मेघना_जर्सीवाली
तीन वर्षांच्या पदवीवर दोघांनीही हरकत घेतली नाही ना, ते लेखी घ्या. १०० टक्के म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी. सुरुवातीला किती जणी होत्या ते विचारा. काही कॉलेजं शेवटी एक्झिट परीक्षा लावून कच्च्या मुलींना एनक्लेक्सपर्यंत पोचूच देत नाहीत. निकाल राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगच्या साइटवर बघा, माहितीपत्रकात नको. सीसीएनई किंवा एसीईएनसारख्या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता हवीच.

रात्रपाळी
आणि क्लिनिकल्स कुठे देतात ते आधी विचारा. माझ्या हायब्रिडवाल्यांनी प्रवेश घेताना 'तुमच्या परिसरात' म्हटलं आणि नंतर दोन तासांवरचं नर्सिंग होम दिलं. सकाळी पावणेसातला तिथे उभं राहायचं, बाहेर बर्फ. बाळंतपणाचं क्लिनिकल तर बहुतेक सिम्युलेशनच्या बाहुलीवर उरकलं. सरकारी घ्या.

थेट_मास्टर्स
यावेळी मेघनाताईंशी सहमत, नोंद घ्यावी. सरकारी घ्या. मास्टर्स नंतर नोकरी करता करता होतं, हॉस्पिटल फीला हातभारही लावतं.

मेघना_जर्सीवाली
म्हणजे पहिल्या पोस्टमध्ये मी जे लिहिलं तेच.

थेट_मास्टर्स
तेच, पण मी सौजन्याने लिहिलं.

सदाशिव_पेठी
आमच्या पुतणीला टीईएएस द्यायची आहे. पुस्तक कुठलं घ्यावं?

मिरजेची_सिस्टर
का हो काका, डेटा सायन्स नाही का करत ती?