स्टेपनी एक नको, दोन
जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅनडाच्या उत्तरेतल्या डेम्पस्टर हायवेने इनुविक गावाला जायचंय, एक स्टेपनी पुरेल का, असं विचारलंय. आधी तारीख पुढे ढकला. वाटेत पील आणि मॅकेन्झी या नद्या फेरीने ओलांडाव्या लागतात, आणि बर्फ फुटून फेरी सुरू व्हायला कधीकधी अर्धा जून जातो.

स्टेपन्या दोन, पूर्ण मापाच्या. ७०० किलोमीटरहून जास्त खडीचा रस्ता, त्यात शेल नावाच्या थरथरांच्या खडकाच्या कपच्या, ब्लेडसारख्या. आमचं मागचं चाक फाटलं तेव्हा जॅक खडीत रुतायला लागला. शेवटी खाली पोळपाट सरकवला! (हो, नेला होता. हिची कृपा.)

हायवेला लागण्याआधी डॉसन गावात टाकी काठोकाठ भरा. पुढे भरवशाचा पंप थेट ईगल प्लेन्सला, साधारण ४०० किलोमीटरवर. डासांसाठी तोंडावरची जाळीही घ्या.