अनुभव धागा: रिटायर झाल्यावर मिशनच्या कामाला गेलेलं जोडपं तुमच्या घरात आहे का?

भिंगारकरीण

काल आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. आदिवासी भागातल्या मुलींच्या वसतिगृहासाठी सेवानिवृत्त दांपत्य हवे, राहण्याची सोय होईल, मानधन अल्प. तेव्हापासून मम्मी-पप्पाच डोक्यात आहेत.

पप्पा झेडपीच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले, मम्मी सरकारी दवाखान्यातून स्टाफ नर्स. पेन्शनचे कागद मार्गी लागले आणि दोघं सामान बांधून नंदुरबारकडच्या नवापूर तालुक्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात हजर. आम्ही भावंडं सगळी विरोधात होतो. नगरला सावेडीतल्या नव्या फ्लॅटला कुलूप!

मला वाटायचं मिशन म्हणजे प्रवचनं आणि प्रार्थनासभा. मी तिकडे राहायला गेले तेव्हा खरं कळलं. पहाटे उठून दोघं एक अध्याय वाचायचे, एक गीत, प्रार्थना. मग चहा पप्पा करायचे. आठ वाजायच्या आत चॅपेलमध्ये स्टाफची उपासना, पेटीवर पप्पाच. तिथून पप्पा स्टोअरला. सलाईन, ग्लोव्हज, गोळ्यांची खोकी. प्रत्येक खोक्यावर एक्स्पायरीचा महिना खडूने, मास्तरी मोठ्या अक्षरात. आधी मुदत संपणारं खोकं पुढे, बाकीची मागे. ते आल्यापासून औषध वाया जाणं जवळजवळ थांबलं, असं तिथल्या फार्मासिस्टनेच मला सांगितलं.

मम्मी वॉर्डात. तिकडे सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) पोरं खूप. थंडी पडली की हातपाय दुखून कळवळत येतात. मम्मी त्यांच्या आयांना घेऊन व्हरांड्यात बसायची. पोराला पाणी भरपूर पाजा, थंडीत उघडं ठेवू नका, फॉलिक ॲसिडची गोळी रोज, ताप आला की थांबू नका, सरळ इकडे या. त्या मावचीत, म्हणजे तिथल्या आदिवासी बोलीत बोलायच्या, ही नगरी मराठीत. हळूहळू हिलाच मावची येऊ लागली. दुपारी नातेवाइकांच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये चक्कर, कुणाकडे पीठ नाही, कुणाकडे सरपण नाही ते बघायला. संध्याकाळी घरभेटी.

सांगायचं ते हे, की नोकरीभर मम्मीची नाइट आणि पप्पांची सकाळची शाळा. दोघं दारातच भेटायचे, एक येताना एक जाताना. दिवसभर एकत्र राहणं त्यांच्या वाट्याला आलं ते तिकडेच. देवाच्या कामाला गेले म्हणून एकमेकांना मिळाले, असं मी मानते.

तुमच्याकडे असं कुणी आहे का? लिहा. पंथ कुठलाही असो.

कुकरची शिट्टी

सकाळी सकाळी रडवलंस गं. डबे भरायचेत, दुपारी लिहिते.

कृष्णाकाठ

आमच्या आत्याआजी आणि त्यांचे मिस्टर, मिरजेला. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं ते हॉस्पिटल. आमच्या भागात आजार बळावला की 'मिरजेला न्या' एवढंच म्हणायचे. हे दोघं रिटायर झाल्यावर चॅप्लेनसाहेबांच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) मदतीला. काम काय, तर कॉटमागून कॉट फिरायचं, कुणाला प्रार्थना हवी असेल तर करायची आणि पोस्टकार्डं लिहून द्यायची. 'ऑपरेशन झाले, टाके निघाले, येताना धाकटीला आणू नका.' अर्धे पेशंट कर्नाटकातले. आत्याआजीचं माहेर अथणी, त्यामुळे कानडी कार्डं तिच्याकडे. तिच्यापुढची रांग कायम मोठी, कारण ती आधी घरचं सगळं विचारून घ्यायची आणि मग लिहायला बसायची. आजोबांचं कार्ड चार ओळींत खलास.

जेवायची वेळ ठरलेली नाही. कुणी दगावलं की दोघांपैकी एक जण त्या घरच्यांजवळ बसून असायचा, गाडी मिळेपर्यंत.

तंबोरा

@कृष्णाकाठ मिरजेचे का? सतारमेकर गल्लीत आमचे काका राहायचे.

कृष्णाकाठ

@तंबोरा मी सांगलीचा, पण शाळा मिरजेत. व्यनि करतो.

मिठागरकाठचा मराठी

अमेरिकेतून, युटातून लिहितोय. इथे साल्ट लेक सिटीजवळ आमची अख्खी गल्ली लॅटर-डे सेंट्स या पंथाची, लोक मॉर्मन म्हणतात ते. यांच्यात पोरं १८ व्या वर्षापासून दोन वर्षं मिशनवर जातात, मुलीही आता १८ व्या वर्षापासून (२०२५ पर्यंत त्यांना १९ ची अट होती), पण दीड वर्ष. ते पुष्कळांना ठाऊक असतं. पण रिटायर झालेली जोडपीही जातात, स्वतःच्या खर्चाने, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. सहा महिन्यांपासून जवळपास दोन वर्षांपर्यंत. कुठे आवडेल ते कळवता येतं, पण पाठवायचं कुठे ते चर्च ठरवतं.

शेजारचे काका प्लंबर होते, काकू शाळेच्या ऑफिसात. फिलिपिन्सला गेले. घर भाड्याने, कुत्रा मुलीकडे, बागेची किल्ली माझ्याकडे. तिकडे त्यांचं मुख्य काम म्हणजे या तरुण पोरांच्या भाड्याच्या खोल्यांवर फिरणं. गॅस नीट आहे का, पाणी गाळून पितात का, खोली झाडतात का, आजारी कोण आहे. काका पाना घेऊन नळ दुरुस्त करत फिरायचे. काकूंकडे एक वही होती, कुठल्या पोराला कशाची ॲलर्जी, कुणाच्या घरी कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाचा वाढदिवस कधी. दर व्हिडिओ कॉलला त्या वहीतलं काहीतरी आम्हाला ऐकवायच्या. शर्टाला काळा बिल्ला, त्यावर 'एल्डर' आणि 'सिस्टर'. पोरांनाही एल्डरच म्हणतात आणि सत्तरीच्या काकांनाही एल्डरच.

हे लोक चहा-कॉफी घेत नाहीत. माझ्या सासूबाई नागपूरहून आलेल्या, त्यांना पाहुण्याला चहाशिवाय पाठवणं जमेना. शेवटी कोकम सरबतावर तडजोड झाली. काकू तिकडून परत आल्या तेव्हा पहिलं काय मागितलं असेल? कोकम! :)

सासूबाई म्हणाल्या, आपल्याकडे वानप्रस्थ पोथीत राहिला, ही माणसं पासपोर्ट काढून जातात.

गवती चहा

@भिंगारकरीण पप्पांचा चहा कसा व्हायचा ते सांग आधी.

भिंगारकरीण

@गवती चहा सुरुवातीला नुसतं गोड पाणी. मम्मी न बोलता प्यायची. पुढे तिथल्या वॉचमनने शिकवलं, आलं ठेचून कधी घालायचं ते. आता नगरला घरी आलेल्या प्रत्येकाला पप्पांच्याच हातचा चहा.

बदलीचा हुकूम

आमचं घर मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाचं. आईवडील दोघं ऑफिसर, म्हणजे आमच्यातले पाळकच. आमच्यात लग्न झालेलं जोडपं असेल तर साधारणपणे दोघंही ऑफिसर असतात, दोघांना पद, दोघांना युनिफॉर्म, बदली दोघांची एकत्र. हुकूम आला की निघायचं. क्वार्टरमध्ये पलंग, टेबल, कपाट आधीचंच असतं, त्यामुळे आपली म्हणावी अशी वस्तू घरात फारशी नाहीच. आईची शिलाई मशीन तेवढी सगळीकडे आमच्याबरोबर फिरली.

रिटायर झाल्यावर वाटलं, आता सुटलो. तर एका गावच्या ऑफिसरना आजारपण आलं आणि थोडे दिवस सांभाळाल का म्हणून विचारणा झाली. बाबा 'विचार करून सांगतो' म्हणेपर्यंत आईने मशीनला पोतं गुंडाळलं होतं. त्या गावात आईने बायकांना पेटीकोट, झबली शिवायला शिकवलं, मशीन एकच, नंबर लावून. बाबांचं काम रविवारची सभा आणि बाकी दिवस लोकांच्या रेशन कार्डाच्या भानगडी. तहसीलला खेपा घालण्यात बाबांचा हात कुणी धरणार नाही.

ओट्यावरून

@बदलीचा हुकूम तुमच्या आईंना पद होतं हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे सासरे पाळक, सासूबाई पाळकीणबाई. पगार एकाचा, काम दोघांचं. महिला मंडळ त्यांचं, शब्बाथ शाळा (मुलांचे रविवारचे बायबलचे वर्ग) त्यांची, मयताच्या घरी आधी त्या, बाळंतिणीकडे डबा त्यांचा, आणि रात्री साडेदहाला दार वाजलं की भात पुन्हा टाकणाऱ्याही त्याच. सासरे रिटायर झाल्यावर एका दूरच्या मंडळीने वर्षभरासाठी बोलावलं. निरोपसमारंभात शाल सासऱ्यांना, मानपत्र सासऱ्यांना, भाषणंही त्यांच्यावरच. सासूबाईंना एक फूल. सासऱ्यांनी तिथल्या तिथे शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली आणि माइकवर म्हणाले, या मंडळीची अर्धी सेवा हिने केली, ती कुठल्याच वहीत नाही, म्हणून मी सांगतो.

मी नवी सून होते. सगळी मंडळी टाळ्या वाजवत होती, सासूबाई मात्र खाली बघत होत्या.

कुकरची शिट्टी

@ओट्यावरून सासऱ्यांना नमस्कार सांगा माझा. माझ्या आईची पण हीच कथा, फक्त देऊळ वेगळं. बाबा कीर्तनकार.

रोखठोक

हे सगळं छान आहे, पण शेवटी उद्देश धर्मांतराचाच ना?

भिंगारकरीण

@रोखठोक प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. माझे आईवडील श्रद्धावंत आहेत, कुणी विचारलं तर येशूबद्दल आनंदाने सांगतात. पण सलाईन लावताना मम्मीने कुणाला देव विचारलेला मी पाहिलेला नाही. यापुढचा वाद वेगळ्या धाग्यावर करूया, इथे माणसांचे अनुभव येऊ देत.

पाटावरचा संपादक

सहमत. धागा अनुभवांचा आहे. अवांतर वाद उडवले जातील.

ढगातलं पोस्टिंग

बँकेच्या नोकरीत मिझोरममध्ये ऐझॉलला होतो. तिथे प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई शिजवायच्या तांदळातली एक मूठ बाजूला काढते. बुहफाइ थाम म्हणतात. ते तांदूळ चर्चमध्ये गोळा होतात, विकले जातात आणि त्यातून मिशनच्या कामाला पैसा उभा राहतो. मिझो लोकांनी या मुठींच्या जोरावर भारतभर माणसं पाठवली आहेत. आमच्या घरमालकांचे थोरले भाऊ-वहिनी असेच दुसऱ्या राज्यात होते. घरमालकीण रोज मूठ काढताना त्या दोघांची नावं घ्यायची. माझी बायको शेजारणीचं बघून आमच्याही डब्यात मूठ टाकू लागली, महिनाअखेरीला नेऊन द्यायची. आम्ही पक्के वारकरी घरातले, पण ते तिला आपलंसं वाटलं. बदली होऊन पुण्याला आलो तरी मूठ चालू आहे, ती आता आळंदीला अन्नदानात जाते.

सुरत पॅसेंजर

नवापूर म्हटलं की स्टेशन! अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. अनाउन्समेंट चार भाषांत. एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. आणि तिकडची तूरडाळ!

भिंगारकरीण

@सुरत पॅसेंजर हो! मम्मी-पप्पा घरी यायचे तेव्हा कपड्यांपेक्षा डाळच जास्त. त्या बाकावर दोघांचा फोटोपण आहे, मम्मी गुजरातेत, पप्पा महाराष्ट्रात.

गवती चहा

डाळ कुरिअरने मिळते का? सिरियसली विचारतेय.

नाताळची करंजी

आमचे आजी-आजोबा जालन्याकडे होते, वसतिगृहाचे अधीक्षक. मुलांना सुट्टी लागली तरी दोनचार पोरं उरायचीच, कारण घरी जायला कुणी नसायचं. त्यांचा नाताळ आजीच्या घरात. आजी करंज्या, चकल्या, शंकरपाळी करायची, केक बेकरीतून भाजून आणायचा. आमच्यात नाताळला फराळच असतो, हे सांगितलं की ऑफिसातल्या लोकांना नवल वाटतं. आजोबा पोरांना घेऊन रात्री गाणी म्हणत घरोघरी, डफ आणि टाळ. रेव्हरंड टिळकांची, म्हणजे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं. त्यातला एक मुलगा आज एसटीत कंडक्टर आहे, आजी आहे तोवर नाताळला करंज्या खायला येणार असं त्याने सांगून ठेवलंय आणि येतोही.

गवती चहा

करंजीत सारण ओल्या नारळाचं की सुक्या?

नाताळची करंजी

सुकं खोबरं, खसखस भाजून. जास्त टिकतात.

दोलायमान सून

एवढं वाचून धीर आला म्हणून विचारते. माझे सासू-सासरे अशाच एका कामाला जायचं म्हणतायत, वर्षभरासाठी. सासऱ्यांना बीपी, सासूबाईंचे गुडघे. मिस्टर नको म्हणतात, माझं मन दोन्हीकडे. जायच्या आधी काय काय विचारून घ्यावं?

भिंगारकरीण

@दोलायमान सून आम्ही केलं ते सांगते. खोली तळमजल्यावर आहे का. संडास भारतीय की कमोड, हे फोटो मागवून बघा. बीपीच्या गोळ्या तिथल्या तालुक्याला मिळतात का, की इथून पाठवायच्या. रात्री-अपरात्री गाडी कोण काढणार, त्या माणसाचा नंबर घ्या. आजारपणाचा खर्च कुणाचा, ते लेखी. रजा किती, घरी यायची मुभा कधी. आणि दोघांना वेगवेगळं काम नेमून द्यायला सांगा, नाहीतर सासूबाई सगळा दिवस स्वयंपाकघरात अडकतील.

ओट्यावरून

शेवटचा मुद्दा सोन्यासारखा. त्यांच्या कामाचं नाव पत्रावर लिहून घ्या, नुसतं 'सपत्नीक' नको.

मिठागरकाठचा मराठी

इथले लोक निघायच्या आधी दात, डोळे, लसी सगळं तपासून घेतात, तसे कागदच भरून द्यावे लागतात. ते आपणही करावं. दातांचं विशेषतः, खेड्यात दाढ दुखली की फार हाल.

बदलीचा हुकूम

मिस्टरांना सांगा, महिन्याभराने दोन दिवस जाऊन राहून या. लांबून जेवढी काळजी वाटते तेवढी तिथे गेल्यावर राहत नाही. माझा स्वतःचा अनुभव.

दोलायमान सून

सगळ्यांचे मनापासून आभार. कमोडचं डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री जेवताना हे सगळं मिस्टरांना वाचून दाखवते.