भावासाठी दिव्यांग ट्रेनिंग आणि अनुदान, सुरुवात नक्की कुठून करायची?

माणदेशी_ताई:
नमस्कार सगळ्यांना. आम्ही सांगोला तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे, बारावी झालाय. दोन वर्षांपूर्वी अ‍ॅक्सिडेंट झाला आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्याआधी तो गॅरेजला टू व्हीलरचं काम करायचा, हात इतका बसलेला की नुसता गाडीचा आवाज ऐकून सांगायचा काय बिघडलंय ते. पण मालकाने नंतर परत बोलावलंच नाही. आता यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र निघालंय, 60 टक्के अपंगत्व आहे, संजय गांधी निराधार योजनेची पेन्शन पण सुरू झाली, आधी 1500 यायचे आता 2500 येतात. आई म्हणते मिळतंय ना घरबसल्या, कशाला पोराला दगदग. पण तो दिवसभर मोबाईल घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, मला नाही बघवत ओ ते.
सरकारचं फुकट ट्रेनिंग असतं म्हणतात ते कुठे असतं? धंद्याला अनुदान मिळतं का? एक माणूस घरी येऊन गेला, 8 हजार द्या दिव्यांगांचं लोन करून देतो म्हणाला. आणि काम सुरू केलं तर पेन्शन बंद होईल का, आईला तीच भीती आहे. कुणी स्वतः यातून गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

रिवायंडिंगवाला:
ताई पहिलं म्हणजे त्या माणसाला एक रुपया देऊ नका. कुठल्याच सरकारी योजनेत फॉर्म भरायला असे पैसे लागत नाहीत.
मी स्वतः पोलिओचा, डाव्या पायात कॅलिपर आहे, पायाला आधार द्यायला बांधतात ते. तुमच्यापासून लांब नाही, मिरजेला सरकारी प्रौढ दिव्यांग प्रशिक्षण केंद्र आहे, मी तिथे मोटर रिवायंडिंग म्हणजे जळालेली मोटर परत बांधायला शिकलो. राहणं, जेवण, शिकवणं सगळं फुकट होतं. कॉम्प्युटरचा पण कोर्स असतो. वय आणि शिक्षणाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत बघून घ्या, उन्हाळ्यात पेपरला येते शक्यतो, नाहीतर सरळ जाऊन या. सांगोल्यातून मिरजेला रेल्वे आहे आणि एसटीला कार्डावर तिकिटात 75 टक्के सवलत आहे त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च फार नाही.
पण खरं सांगू का, मला तिथे मोटर बांधायला शिकण्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीचा जास्त फायदा झाला. गावात मी एकटा लंगडा होतो. तिथे खोलीत आम्ही सहा जण, एकाला दोन्ही पाय नाहीत तरी तो सगळ्यांच्या आधी उठून आंघोळ करून तयार. पहिल्या आठवड्यात मी रोज घरी फोन करून रडायचो न्यायला या म्हणून, वडील आले नाहीत ते बरं झालं. आज तालुक्याला माझं दुकान आहे, उन्हाळ्यात सबमर्सिबल पंप इतके येतात की जेवायला वेळ नसतो. भावाला माझ्याशी बोलायचं असेल तर मेसेज करायला सांगा, तुम्ही नाही, त्यालाच करू दे.

बँकेतला_माणूस:
मी राष्ट्रीयीकृत बँकेत 31 वर्षं होतो, बरीचशी ग्रामीण शाखांत. ट्रेनिंगबद्दल वरच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर, त्यात एक भर. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, लोक आरसेटी म्हणतात, तिथे टू व्हीलर मेकॅनिकचा महिनाभराचा कोर्स असतो, तोही राहून खाऊन मोफत. तुमच्या भावाला काम येतंच मग कोर्स कशाला असं वाटेल, पण बँकेत फाईल ठेवताना ते सर्टिफिकेट उपयोगी पडतं म्हणून कराच.
आता पैशाचं. झेडपीच्या समाजकल्याण विभागात दिव्यांगांसाठी बीज भांडवल योजना आहे. दीड लाखापर्यंतच्या धंद्याला 80 टक्के बँकेचं कर्ज आणि 20 टक्के म्हणजे जास्तीत जास्त 30 हजार सबसिडी. 40 टक्क्यांच्या वर अपंगत्व, वय 18 ते 50 आणि वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. दुसरी पीएमईजीपी, म्हणजे केंद्राची पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना, तिच्यात दिव्यांग विशेष गटात येतात म्हणून ग्रामीण भागात 35 टक्के सबसिडी आहे आणि स्वतःचे फक्त 5 टक्के घालायचे. समजा गॅरेजचा प्रोजेक्ट 3 लाखांचा धरला तर तुमचे 15 हजार आणि सबसिडी 1 लाख 5 हजार. फक्त ती सबसिडी हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं ठेवीसारखी पडून राहते, धंदा चालू असेल तर मग कर्जात वळती होते. हे कुणी आधी सांगत नाही आणि लोक सबसिडी कुठे गेली म्हणून शाखेत भांडायला येतात.
महत्त्वाचं म्हणजे आधी एका योजनेची सबसिडी घेतली असेल तर पीएमईजीपी मिळत नाही. गडबडीत 30 हजारासाठी सही करून मोठी संधी घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे आधी ठरवा दुकान केवढं काढायचंय. तिसरा रस्ता महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचा, तिथून केंद्राच्या महामंडळाचं कर्ज मिळतं, व्याज रकमेप्रमाणे 5 ते 9 टक्के.
मॅनेजर तारण मागेल. छोट्या उद्योगाच्या किमान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, नम्रपणे सांगा आणि नकार दिला तर लेखी कारण मागा. लेखी म्हटलं की बऱ्याच फाईली हलतात, मी काउंटरच्या आतून बघितलंय.

अंधुक_पण_ठाम:
मला कमी दिसतं, 75 टक्के. मला दुसरी बाजू सांगायचीय कारण ट्रेनिंग म्हणलं की लोक डोळे झाकून नाव घालतात. मी एका संस्थेत तीन महिने कोर्स केला, सरकारी पैशावर चालणारा. रोज अंगठा लावून घ्यायचे आणि दुपारी सोडायचे. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर एकाच कॉम्प्युटरवर होता आणि आम्ही अकरा जण. शेवटी सर्टिफिकेट दिलं, फोटो काढले, संपलं. माझे तीन महिने गेले त्यापेक्षा घरच्यांचा विश्वास गेला त्याचं जास्त वाईट वाटतं, आता काही म्हणलं की आई म्हणते परत तसलंच असेल.
म्हणून नाव घालायच्या आधी एक दिवस जाऊन बसा तिथे. शिकून गेलेल्या दोघातिघांचे नंबर मागा आणि त्यांना विचारा आता काय करताय. रॅम्प आहे का, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का ते बघा, तुमच्या भावाला रोज लागणारी गोष्ट आहे ती. जी संस्था नंबर द्यायला टाळते तिथे जाऊ नका.
मी नंतर मुंबईत सायन चुनाभट्टीच्या केंद्र सरकारच्या दिव्यांगांच्या करिअर सेंटरला गेले, ते लेबर मिनिस्ट्रीखाली येतं. तिथे आधी तुमची नीट तपासणी करतात, कुठलं काम जमेल ते बघतात, मग ट्रेनिंग आणि नोकरीसाठी नाव नोंदवतात. त्यांच्यामुळे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की तुला काय करायचंय. आज कॉल सेंटरला आहे.

चाकण_एचआर:
नोकरी पण डोक्यात ठेवा, फक्त धंदाच नको. मी चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत एचआर बघतो. आमच्या असेंब्ली लाईनला बसून करायची कामं आहेत, चार कर्णबधिर आणि दोन पायाने अधू मुलं आहेत आणि त्यांची गैरहजेरी सगळ्यात कमी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे ते सगळ्यांना माहितीय, पण खाजगी कंपन्यांना प्रोत्साहन द्यायचं कलम पण आहे, 35 नंबरचं. आणि 2008 पासून केंद्राची अशी योजना आहे की 25 हजारापर्यंत पगार असलेल्या दिव्यांग कामगाराचा मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) सुरुवातीची काही वर्षं सरकार भरतं. मी सांगेपर्यंत आमच्या मालकांना ऐकूनही माहीत नव्हतं! भावाने इंटरव्ह्यूला गेल्यावर हे स्वतःहून सांगायला हरकत नाही.
पेन्शनचं म्हणाल तर संजय गांधीला दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार आहे. पक्की नोकरी लागली तर ती जाणार, ते लपवून ठेवू नका, नंतर वसुली लागली तर त्रास होतो. पण हिशोब करून आईंना दाखवा. 2500 म्हणजे वर्षाचे 30 हजार. महिना 12 हजाराचं साधं काम लागलं तरी 1 लाख 44 हजार होतात. ट्रेनिंगला जायच्या आधी मात्र तहसीलला संजय गांधीच्या टेबलावर जाऊन विचारून घ्या.

रिवायंडिंगवाला:
एक राहिलंच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचाच असतो. आमच्याकडे कित्येक वर्षं सतरंज्या आणि डबे वाटून संपवायचे. आम्ही तिघं ग्रामसभेत उभे राहिलो, खर्चाचा हिशोब लेखी मागितला, पुढच्या वर्षी एका ताईला शिलाई मशीन आणि मला ग्राइंडर मिळाला. तुमच्या गावात किती दिव्यांग आहेत ते बघा आणि सगळ्यांनी मिळून अर्ज द्या, एकट्याचा अर्ज ड्रॉवरमध्ये जातो.

माणदेशी_ताई:
काय बोलू, रात्री सगळं भावाला वाचून दाखवलं. तो आधी काहीच बोलला नाही. मग म्हणाला ते मिरजेचे भाऊ कॅलिपर लावून दुकानात उभं राहून काम करतात की बसून, एवढंच विचार. मी म्हणलं तूच विचार. नंबर मागून घेतलाय त्याने रिवायंडिंगवाले दादा, तुम्हाला मेसेज येईल. सोमवारी मी रजा टाकलीय, आधी मिरजेला जाऊन बघून येतो दोघं, बाथरूमचा दांडा पण बघणार आहे. बीज भांडवलच्या फॉर्मवर सही करायची नाही हे घरात सांगून ठेवलंय, मोठं गॅरेज काढायचं म्हणतोय तो. आईला अजून पटलेलं नाही पण 1 लाख 44 हजार कसे झाले ते मला दोनदा विचारलं तिने.