कोल्हापुरात राहून आफ्रिका अभ्यास: कार्यक्रम, शिष्यवृत्त्या आणि पुढच्या वाटा

रंकाळा_वाचनकट्टा (प्रश्न)

शिवाजी विद्यापीठात इतिहास आणि राज्यशास्त्रात एमए करणाऱ्या पाच-सहा विद्यार्थ्यांसाठी विचारतोय. सगळ्यांना आफ्रिका खंडावर काम करायचं आहे. इथं त्यासाठी वेगळा विभाग नाही. तीन गोष्टी हव्या आहेत. एमए चालू असतानाच इथून काय करता येईल? पीएच.डी.साठी कुठं जाता येतं आणि पैशांची सोय कशी होते? आणि परिसंवाद, व्याख्यानं, ऑनलाइन कार्यक्रम यांची खात्रीची माहिती कुठून मिळते? कृपया नेमकं सांगा, "गुगलवर आहे" असं नको.

विद्यानगरी_४००

आधी ठिकाणं. दिल्ली विद्यापीठाचा आफ्रिकन स्टडीज विभाग १९५५ पासून आहे. मुंबई विद्यापीठाचं सेंटर फॉर आफ्रिकन स्टडीज १९७१ चं, कालिना संकुलात. तिसरं जेएनयूच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजमधलं केंद्र. कोल्हापूरकरांना सोयीचं अर्थातच मुंबई. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघून सकाळी दादरला उतरलं की सांताक्रूझ जवळ आहे. शिवाय त्याच संकुलात जे. पी. नाईक भवनात आयसीएसएसआरचं (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं) पश्चिम विभागीय केंद्र आहे. शिक्षणतज्ज्ञ नाईक म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, आजऱ्याकडचे. मुंबईच्या ग्रंथालयांत बसून काम करणाऱ्या संशोधकांसाठी या केंद्राकडून छोटं अभ्यास अनुदान मिळतं. अर्जासोबत मार्गदर्शकाचं पत्र आणि कोणत्या ग्रंथालयात काय पाहायचं आहे याची यादी जोडा. यादी मोघम असली की अर्ज मागं पडतो.

पण एमएसाठी कोल्हापूर सोडायची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत दोन वर्षांच्या एमएला दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं क्षेत्रकार्य किंवा ऑन जॉब ट्रेनिंग, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. म्हणजे १४ क्रेडिट तुमच्या हातात आहेत. तिन्ही कामं एकाच आफ्रिकी विषयाभोवती लावा. दुसऱ्या सत्रात साधनांची यादी, तिसऱ्यात संबंधित वाचनाचा आढावा, चौथ्यात मूळ लेखन, असा क्रम ठेवला तर पीएच.डी.च्या मुलाखतीत दाखवायला दोन वर्षांचं सलग काम तयार असतं. विद्यार्थी बहुतेक वेळा दर सत्राला विषय बदलतात आणि शेवटी हातात तीन अर्धवट फायली उरतात.

नेट (अध्यापन आणि पीएच.डी. प्रवेशासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा): इंटरनॅशनल अँड एरिया स्टडीज या विषयात आफ्रिकन स्टडीज येतं. पेपर एक ५० प्रश्न, १०० गुण. पेपर दोन १०० प्रश्न, २०० गुण. मिळून तीन तास, उणे गुण नाहीत. आता नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्यात जेआरएफही (संशोधन करताना दरमहा मिळणारी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती) मिळते. उरलेल्या दोन गटांतल्यांना पीएच.डी. प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. त्यामुळं ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच वर्षीच्या परीक्षेचा बेत करा. राज्यशास्त्राच्या मुलांनी मात्र विचार करूनच विषय निवडावा. आपल्याकडच्या महाविद्यालयांत जागा निघतात त्या राज्यशास्त्राच्या, एरिया स्टडीजच्या नाही. अध्यापन हेच ध्येय असेल तर माझं मत राज्यशास्त्राच्या बाजूनं.

पैसा: जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये. ती नसेल तर राज्य सरकारच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्यांसाठी महाज्योती. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे, तिथं प्रत्यक्ष जाऊन विचारा. या अधिछात्रवृत्त्यांना पीएच.डी.ची नोंदणी लागते. प्रवेश मिळाला पण नोंदणीपत्र हातात नाही, एवढ्यावर अर्ज अडतात. परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. विद्यापीठ क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीच्या अटीत बसलं पाहिजे, म्हणून आधी चालू वर्षाची अट पाहा, मग विद्यापीठ निवडा. एडिंबरोचं आफ्रिका अभ्यास केंद्र १९६२ चं आहे, म्हणजे आपल्या शिवाजी विद्यापीठाच्याच वयाचं. तिथली आफ्रिकन स्टडीजची एमएस्सी एका वर्षाची. ऑक्सफर्डचीही तशीच. आणि आफ्रिकेबद्दल शिकायला युरोपातच जायला हवं असं मुळीच नाही. केप टाऊन विद्यापीठाचाही विचार करा.

दप्तर_आणि_मोडी

वरच्या उत्तरात विषय कसा निवडायचा ते राहिलं, आणि सगळं तिथंच ठरतं. "भारत-आफ्रिका संबंध: एक अभ्यास" असा विषय घेऊन कोल्हापुरातून दिल्लीतल्या मुलांशी स्पर्धा करू नका. त्यांच्या हाताशी परराष्ट्र मंत्रालय आणि वकिलाती आहेत. आपल्या हाताशी जे आहे ते त्यांच्याकडं नाही.

एक उदाहरण. भारतातला चित्ता संपत आला तेव्हा संस्थानिकांनी शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले. १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे २०० चित्ते भारतात आल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे, आणि त्यात कोल्हापूर व भावनगर ही दोन संस्थानं पुढं होती. म्हणजे शाहू महाराजांच्या कारकिर्दीची अखेर (१९२२ पर्यंत) आणि राजाराम महाराजांचा काळ (१९४० पर्यंत). कोणी विकले, कोणत्या बंदरातून आले, खर्च कोणत्या खात्यावर पडला, चित्तेवानांना (चित्ते सांभाळणाऱ्यांना) पगार काय होता, हे प्रश्न कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बसून विचारण्यासारखे आहेत. त्याला आफ्रिकेची दुसरी बाजू जोडली की विषय खऱ्या अर्थानं आफ्रिका अभ्यासात बसतो. तिथं चित्ते पकडणारे कोण होते आणि वसाहती सरकारचे शिकारीचे कायदे काय होते, तेही शोधा. नाहीतर तो फक्त संस्थानी इतिहास राहतो.

कागद शोधताना तीन ठिकाणी चूक होते.

पहिली, शब्द. बोलीत बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हणतात, आणि इंग्रजी कागदांत चित्त्याला "हंटिंग लेपर्ड" लिहिलेलं असतं. फक्त "चीता" शोधलं तर निम्मं निसटतं आणि उरलेल्यात बिबटे मिसळतात. शिकार, खासगी खर्च, जनावरांची खरेदी, खुराक असे शब्द घेऊन शोधा.

दुसरी, देशांची नावं. केनिया हे नाव वसाहतीला १९२० मध्ये मिळालं. त्याआधी कागदात ब्रिटिश ईस्ट आफ्रिका किंवा नुसतं मोंबासा दिसेल. हेच इतरत्रही लागू आहे: गोल्ड कोस्ट म्हणजे १९५७ नंतरचा घाना, टांगानिका आणि झांझिबार मिळून १९६४ मध्ये टांझानिया, ऱ्होडेशियाचा १९८० मध्ये झिंबाब्वे, अपर व्होल्टाचा १९८४ मध्ये बुर्किना फासो. ग्रंथालयाच्या सूचीतही जुनी नावं टाकून बघा. ड्युई वर्गीकरण असेल तिथं आफ्रिकेचा इतिहास ९६० च्या फळीवर मिळेल, पण इंग्रजीत लिहिणारे आफ्रिकी कादंबरीकार बहुधा ८२३ मध्ये असतात.

तिसरी, लिपी. दरबारी कागद बरेचसे मोडीत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, ते पहिल्याच सत्रात करून टाका. अक्षरओळख लवकर होते. घसटीचं, म्हणजे भरभर जोडून लिहिलेलं लेखन वाचायला मात्र सहा महिने रोजचा सराव लागतो. चौथ्या सत्रात सुरू केलं तर वेळ गेलेली असते.

दुसरा विषय सिद्दी समाजाचा. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असतो, पण सिद्दी किंवा हबशी म्हणजे मूळचे आफ्रिकेतले, हबश म्हणजे आजच्या इथिओपियाचा भाग, इथपर्यंत वाचन सहसा जात नाही. मलिक अंबर तिथलाच. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात आजही सिद्दी वस्त्या आहेत आणि बेळगाववरून तिथं जाता येतं. कोकणी आणि कन्नड बोलतात; हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम तिन्ही आहेत. २००३ मध्ये तिथल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. क्षेत्रकार्याला जाताना आधी समाजातल्या जाणत्या माणसांची संमती घ्या आणि प्रश्नावली दाखवा. कृपा करून "नाचून दाखवा" छापाचे फोटो काढायला जाऊ नका. जमीन, जंगलहक्क, शिक्षण यावर त्यांना बोलायचं असतं.

रंकाळा_वाचनकट्टा

दोन्ही उत्तरं फार उपयोगी. चित्त्यांचा विषय दोघांनी लगेच उचलला. आता कार्यक्रमांबद्दल सांगा. २५ मे हा आफ्रिका दिन, तेव्हा विद्यापीठात एक दिवसाचं चर्चासत्र घ्यावं असं चाललंय. आणि "आंतरराष्ट्रीय परिषद, निबंध स्वीकारला आहे, शुल्क भरा" अशा मेल येतात. त्या खऱ्या कशा ओळखायच्या?

सेमिनार_हॉल

२५ मे ही तारीख बरोबर आहे, १९६३ मध्ये अदिस अबाबात आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली तो दिवस. पण मे अखेरीस आपल्याकडं परीक्षा नाहीतर सुट्टी, सभागृहात वीस माणसं जमणार नाहीत. त्यापेक्षा ७ जुलै घ्या. युनेस्कोनं तो जागतिक स्वाहिली भाषा दिन ठरवला आहे. नाहीतर १८ जुलैचा मंडेला दिन, तेव्हा वर्गही सुरू झालेले असतात. पहिल्या वर्षी वक्ते दोनच ठेवा, एक प्रत्यक्ष आणि एक ऑनलाइन. विद्यापीठात शिकणारे आफ्रिकी विद्यार्थी असतील तर त्यांना सूत्रसंचालन आणि चर्चेत घ्या. फक्त पारंपरिक पोशाखात स्वागताला उभं करणं बरं दिसत नाही.

ऑनलाइन वक्त्याची वेळ ठरवताना घोळ होतो. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागं, जोहान्सबर्ग साडेतीन, लागोस साडेचार, डाकार साडेपाच. नेदरलँड्समधलं लायडन हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागं असतं; बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. निमंत्रणात दोन्हीकडच्या वेळा लिहा.

माहितीचे स्रोत: एच-नेट या अभ्यासकांच्या ऑनलाइन जाळ्यावरचा एच-आफ्रिका हा गट, नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, निबंधांची आवाहनं मेलवर येतात. लायडनचं आफ्रिका अभ्यास केंद्र (१९४७) व्याख्यानं जाहीर करतं आणि त्याची ग्रंथसूची सगळ्यांना खुली आहे. डाकारची कोडेस्रिया (१९७३) ही आफ्रिकी समाजशास्त्रज्ञांची स्वतःची संस्था, तिचं "आफ्रिका डेव्हलपमेंट" नियतकालिक फुकट वाचता येतं. ते आधी वाचा. आफ्रिकेवरचं लेखन आफ्रिकेतल्या अभ्यासकांना वगळून करायची सवय लागू देऊ नका. भारतात आफ्रिकन स्टडीज असोसिएशन ऑफ इंडिया आहे, तिचं नियतकालिक "आफ्रिका रिव्ह्यू". युरोपातली ईकास ही आफ्रिका अभ्यासाची परिषद विषम वर्षी भरते. २०२३ ला कलोनला, २०२५ ला प्रागला झाली. तिथं आधी पॅनेल मागवतात, मग पॅनेलनिहाय निबंध. पॅनेलची यादी न वाचता पाठवलेला सारांश बाद होतो.

नियतकालिकांसाठी वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची सामायिक वर्गणीची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे आणि सरकारी विद्यापीठं त्यात येतात. घरून वाचायचं असेल तर ग्रंथालयाकडून इन्फेडचं (विद्यापीठाबाहेरून लॉगिन करायच्या सेवेचं) खातं मागून घ्या.

खोट्या परिषदा: सारांश पाठवल्यावर एक-दोन दिवसांत स्वीकार, विषयांची यादी आफ्रिकेपासून नॅनो तंत्रज्ञानापर्यंत, निमंत्रकाचं नाव विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सापडत नाही, आणि निबंध वाचण्याआधी शुल्क. यातल्या दोन खुणा दिसल्या तरी सोडून द्या. "यूजीसी केअर यादीतलं नियतकालिक" अशी जाहिरात दिसली तर लक्षात घ्या, मान्य नियतकालिकांची ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं बंद केली आहे.

सारांश २५० शब्दांचा. पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न, मग साधनं (कोणतं दप्तर, कोणती वर्षं), मग आतापर्यंत काय सापडलं. "प्राचीन काळापासून भारत आणि आफ्रिका यांचे संबंध" या वाक्यानं सुरुवात केली की निवड करणारा पुढं वाचत नाही.

दप्तर_आणि_मोडी

परिषदेसाठी आफ्रिकेत जायची वेळ आली तर एक जोड. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तरच प्रमाणपत्र ग्राह्य. एकदा घेतली की जन्मभर चालते. ती फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते. कोल्हापूरकरांना मुंबईखेरीज गोव्यात मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयाचा पर्याय आहे. आधी नाव नोंदवून जा आणि पासपोर्ट सोबत ठेवा. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. प्रमाणपत्राशिवाय पीतज्वराच्या देशातून परत आलात तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. केनियासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी आहे. त्या अर्जात परिषदेचं निमंत्रणपत्र जोडा.