मदत हवी आहे: १३ वर्षांचा पिचर, वेग अडकलाय आणि आता कोपरही दुखतंय

सांगलीकर_जर्सीत

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो. चिरंजीव १३ वर्षांचे, बेसबॉलमध्ये उजव्या हाताने पिचिंग करतात, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकतात. मी स्वतः टेनिस बॉल क्रिकेटवर वाढलेला. बेसबॉल जो काही कळतो तो इथल्या बाकांवर बसून, त्यामुळे प्रश्नात अडाणीपणा दिसला तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षापर्यंत तो लिटल लीगच्या (इथली लहान मुलांची बेसबॉल लीग) छोट्या मैदानावर ४६ फुटांवरून टाकायचा. या हंगामापासून मोठं मैदान, म्हणजे ६० फूट ६ इंच. वर्षभरात उंची चार इंच वाढली, बूट तीनदा बदलले, पण रडारवरचा आकडा जागचा हलत नाही. ५८, ५९, क्वचित ताशी ६० मैल. गेल्या वर्षी त्याच्या मागे असलेली पोरं आता ६५ ला टेकलीत. घरी जेवताना हाच विषय.

फोनवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. पुढचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा चेंडूचा हात अजून मांडीपाशीच असतो. छाती मात्र तोवर बॅटरकडे वळलेली असते. शिवाय पुढचा गुडघा टेकल्यानंतरही वाकतच जातो, लिफ्ट खाली बसावी तसा. मला सुचलं ते मी सांगितलं: "हात जोरात फिरव, कानाला लागून आण." आमच्याकडे बोलिंग अशीच शिकवायचे.

वेग वाढला नाहीच. तीन आठवड्यांपासून चाळीसेक पिच झाल्या की कोपराच्या आतल्या बाजूला ठणकतं म्हणतो. दुसऱ्या दिवशी थांबतं. टीमचे कोच म्हणाले वाढीचं दुखणं आहे, बर्फ लावा. एका ट्रेनिंगवाल्याने जड चेंडूंचा सहा आठवड्यांचा कोर्स सुचवलाय, पाच मैल वाढतील म्हणतो. फी ऐकून बायकोने चहाचा कप खाली ठेवला.

कोर्स लावू का? आणि तंत्रात आधी काय सुधारायचं? आगाऊ धन्यवाद.

अमरावतीची_शॉर्टस्टॉप

मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले. आमचं पिचिंग खालून, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा) फर्स्ट बेसला चेंडू फेकून फेकून एक कळलं. तुम्ही सांगलीचे, ज्वारीच्या शेतात गोफण पाहिली असेलच. दगड लांब जातो तो मनगटाच्या ताकदीने जात नाही, अख्खं अंग फिरतं आणि दोरी मागून येते. पिचरचा हात म्हणजे ती दोरी. "हात जोरात फिरव" म्हणजे दोरीलाच जोर लावायला सांगणं.

"कानाला लागून" हा सल्ला आजपासून बंद. बोलरचा हात सरळ असतो, १५ अंशांपेक्षा जास्त उलगडला की नो बॉल. पिचरचं कोपर साधारण काटकोनात वाकलेलं असतं आणि चाबकासारखं उलगडतं. कोपर खांद्यांच्या रेषेत हवं. टीव्हीवर हात उंच दिसतो तो धड बाजूला झुकल्यामुळे.

हाडवैद्यीण

मी फिजिओ आहे, डॉक्टर नाही, आणि मुलाला पाहिलेलं नाही. तरी स्पष्ट लिहिते: तंत्र, वेग, कोर्स सगळं नंतर. आज पिचिंग थांबवा आणि लहान मुलांचे खेळातले दुखणे पाहणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.

या वयात कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाला वाढीची पट्टी असते. ती कूर्चेची, म्हणजे तिथे जोडलेल्या स्नायूंपेक्षा आणि लिगामेंटपेक्षा (हाडांना हाडं जोडणारा पट्टा) कच्ची. मोठ्या माणसाचं लिगामेंट फाटतं, मुलाची ही पट्टी ताणली जाते. इथे याला 'लिटल लीग एल्बो' म्हणतात, इतकं ते नेहमीचं आहे. फेकल्यावर एका ठरावीक जागी ठणकणं हे वाढीचं दुखणं म्हणून सोडून द्यायचं नसतं. बर्फाने ठणका दबतो, कारण तसंच राहतं.

जड चेंडूंबद्दल: २०१८ साली १३ ते १८ वयाच्या पिचरांवर अभ्यास झाला होता, तोही सहा आठवड्यांच्याच कार्यक्रमाचा. वेग सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास वाढला. पण त्या गटातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याला दुखापत झाली. ६० चे तीन टक्के म्हणजे दोन मैलसुद्धा नाहीत. पाच मैल कुठून आणणार, ते त्या ट्रेनिंगवाल्याला विचारा.

आता मला सांगा, आठवड्यात तो एकूण किती फेकतो? फक्त मॅचमधल्या पिच नकोत, सगळं.

सांगलीकर_जर्सीत

ताई, मोजायला बसलो आणि घाम फुटला. शनिवारी ट्रॅव्हल टीमकडून (बाहेरगावी स्पर्धा खेळणारा संघ) ७० पिच. रविवारी गावच्या लीगमध्ये कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून पिच झेलणारा. बुधवारी पुन्हा ४०. शिवाय संध्याकाळी अंगणात माझ्यासोबत, ते कधी मोजलंच नाही. दोन्ही कोचना एकमेकांचा आकडा माहीत नाही. मलाही तो बेरीज करून आत्ता कळला.

हाडवैद्यीण

इथेच गोम आहे. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांचे 'पिच स्मार्ट' नियम उघडा. १३-१४ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, आणि १४ पर्यंतच्या मुलाने ६६ किंवा त्याहून जास्त टाकल्या तर चार पूर्ण दिवस विश्रांती. शनिवारच्या ७० नंतरची मोकळी तारीख थेट गुरुवार. त्याने बुधवारी टाकल्या. मध्ये कॅचर होता, म्हणजे प्रत्येक पिच परत फेकणारा. लिटल लीगमध्ये ४१ पिच टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर होता येत नाही, ते उगाच नाही.

अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २००६ मध्ये ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या मुलांची तुलना केली. हात थकलेला असताना नेहमी टाकणाऱ्यांमध्ये ऑपरेशनची शक्यता ३६ पट होती, वर्षात आठ महिन्यांहून जास्त टाकणाऱ्यांमध्ये पाच पट. मी पालकांना हेच दोन आकडे फ्रिजवर लावायला सांगते.

डॅलसचा_बाबा

+१, आधी डॉक्टर. माझा मोठा याच वाटेने गेला म्हणून तंत्राचं लिहितो, ते बरं झाल्यावर वापरा.

तुम्ही व्हिडिओत तीन गोष्टी पाहिल्यात, पण दुखणं एकच आहे: वेळ चुकतेय. पाय टेकतो त्या क्षणी चेंडूचा हात वर येऊन तयार हवा, कंबर वळायला लागलेली हवी आणि खांदे अजून बंद हवेत. वेग आहे तो कंबर आणि खांद्यांमधल्या त्या पिळ्यात. छाती आधीच उघडली की पीळ संपला. मग मागे राहिलेल्या हाताला एकट्याने धावत यावं लागतं आणि भार पडतो बरोबर कोपराच्या आतल्या बाजूला. चार इंच उंची वाढलेल्या पोराला आपले हातपाय कुठे संपतात तेच माहीत नसतं, त्यामुळे हे होणारच. ओरडू नका.

पुढचा गुडघा मात्र तुमच्या क्रिकेटच्या डोक्याने समजेल. फास्ट बोलर पुढचा पाय खुंट्यासारखा रोवतो आणि त्याच्यावरून अंग उलटतं. इथेही तेच. पाय मऊ पडला की जमिनीतून आलेला जोर गुडघ्यातच विरतो. यावर उपाय फेकण्यात नाही. एका पायावरचे स्क्वॉट, लंजेस, एका पायावर तोल धरणं. हे सगळं हात बंद असतानाही करता येतं, डॉक्टरांना विचारून.

आमच्या कोचने एकच ड्रिल महिनाभर करून घेतलं होतं. पाय आधीच फाकवून उभं राहायचं, वजन मागे, वजन पुढे, आणि मग हळू फेकायचं. रडार घरी ठेवायचं. तुमचं रडार तर मी कपाटात कुलूप लावून ठेवलं असतं. आकडा दिसला की पोरं हातानेच ओढतात.

सांगलीकर_जर्सीत

दोन आठवड्यांनी लिहितोय. दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढले. उजवीकडची पट्टी डावीपेक्षा रुंद झालीय. सहा आठवडे फेकणं पूर्ण बंद, मग फिजिओ, मग टप्प्याटप्प्याने. दोन्ही कोचना एकत्र ईमेल केली. कोर्सवाल्याला नाही म्हटलं, बायको खूश. पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

एक शंका. काल गॅरेजमध्ये गेलो तर साहेब डाव्या हाताने भिंतीवर चेंडू मारत होते. चालेल का?

हाडवैद्यीण

टेनिस बॉल असेल आणि हळू, थोडा वेळ असेल तर बहुतेक हरकत नसावी, पण त्याच्या फिजिओला सांगा. आणि मोजा. डावं कोपरही तेराच वर्षांचं आहे.