मदत हवी आहे: निमंत्रकांच्या ओळीत भावांची नावं कशी लिहू?

दादांच्या (माझ्या वडिलांच्या) पहिल्या वर्षश्राद्धाला सांगलीत 14 वर्षांखालील मुलांची खो-खो स्पर्धा ठेवलीय. 8 संघ, बाद पद्धत, 7 सामने. मैदान, पंच सगळं ठरलंय. अडलंय फ्लेक्सवर.

माझे दोन भाऊ आधी दादांचे खेळाडू, मग आमच्याच घरात वाढले. कायदेशीर दत्तक नाहीत, आडनावं त्यांची त्यांचीच. ‘मानसपुत्र’ लिहिलं तर थोरला म्हणतो, फार पुस्तकी. धाकटा काहीच बोलत नाही. ‘सांभाळलेले’ मला उपकार मोजल्यासारखं वाटतं. नुसती तिघांची नावं घातली तर चुलते म्हणतात, लोक आडनावांवरून विचारतील. (विचारू देत, पण उत्तरं आईला द्यावी लागतात.)

शुक्रवारी छपाई, जागा एकाच ओळीची. दोघांना परकं न वाटता काय लिहू?